आधी मोजा, मग सुरी चालवा!

सरकारी आरोग्य विम्याचा हिशेब एकदा चव्हाट्यावर मांडायलाच हवा. आयुष्मान भारत योजनेत बाईची गर्भपिशवी काढायचे पॅकेज आहे. अंडाशयावरची गाठ काढायचेही पॅकेज आहे. पण सुरी लावण्याआधी त्या अंडाशयात स्त्रीबीजांचा साठा किती उरला आहे, हे सांगणारी रक्ताची एक तपासणी? दवाखान्यात दाखल न होता केलेली नुसती तपासणी योजनेत बसत नाही. मग ऑपरेशनच्या आधी थोडी स्त्रीबीजे काढून गोठवून ठेवायची? वंध्यत्वाशी संबंधित उपचार वगळल्याचे तर यादीतच पांढऱ्यावर काळे करून ठेवले आहे. कापायला पैसे आहेत, मोजायला नाहीत, राखायला तर मुळीच नाहीत. ज्या डोक्यांतून ही यादी निघाली त्यांना बाईचे शरीर म्हणजे बिघडले की काढून फेकायच्या सुट्या भागांचे खोके वाटत असावे.

बंगळूर-मुंबईच्या नोकरदार बाईला या यादीने चार-दोन हजारांची चाट बसते. ती ती भरते आणि विसरते. जोयड्याच्या बाईची मात्र या यादीने उभी हयात खाल्ली आहे, म्हणून आज हा लेख जोयड्याच्या नावाने.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा क्षेत्रफळाने सर्वांत मोठा तालुका आणि लोकवस्ती जेमतेम अर्ध्या लाखाच्या घरात. मते थोडी, म्हणून किंमतही थोडी. काळी नदीवर सुपे धरणाची 101 मीटरची भिंत उभी राहिली, जुने सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. राज्याला वीज मिळाली. 2007 साली दांडेली-अणशी व्याघ्रप्रकल्प झाला, 2015 साली त्याला काळीचे नाव दिले गेले. देशाला वाघ मिळाले. या सगळ्यात जोयड्याच्या कुणब्याला, गवळ्याला, सिद्दीला काय मिळाले? रानातल्या वाड्यांवर आजारी माणसाला खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ अजून येते. कुणबी समाज अनुसूचित जमातीच्या दर्जासाठी वर्षानुवर्षे अर्ज करतो आहे आणि अर्जाला उत्तर म्हणून आश्वासने गोळा करतो आहे.

त्या वाड्यांवर ज्या दुखण्याबद्दल कुणी बोलत नाही, ते एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. अंडाशयावर, नळ्यांवर, आतड्यांवर, कुठेही. पाळीच्या वेळी तोही रक्तस्राव करतो आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. आत सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात आणि अंडाशयात जुन्या काळपट रक्ताने भरलेली गाठ होते. तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. इतक्या कुरूप दुखण्याला इतके गोड नाव देणारा माणूस नक्की पुरुष असणार. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रजननवयातल्या दहा स्त्रियांमागे साधारण एकीला हा आजार आहे, जगभरात सुमारे 19 कोटींना. आता जोयड्याचा ढोबळ हिशेब करा. पन्नास हजारांत निम्म्या बायका, त्यांतल्या निम्म्या या वयाच्या, त्यांतली दहावी. हजार-बाराशे बायका एका तालुक्यात! यांतल्या किती जणींच्या कागदावर या रोगाचे नाव आले आहे, हे तालुक्याच्या आरोग्य खात्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

नाव कागदावर यायला जगात सरासरी चार ते बारा वर्षे लागतात, असे हीच संघटना म्हणते. हा हिशेब जिथे रस्ते आहेत तिथलाही धरून. कुंभारवाड्याच्या किंवा डिग्गीच्या बाजूची पोरगी तेराव्या वर्षी दर महिन्याला तीन दिवस अंथरुणाला खिळते, शाळा बुडवते, ओकाऱ्या काढते. आई म्हणते, बाईच्या जातीला हे असतंच. आज्जी ओव्याचा काढा देते. शाळेत शुचि योजनेतले पॅड मिळते, पण पॅड देणारा कुणीही तिला दुखते किती, असे विचारत नाही. किशोरवयीन मुलामुलींसाठी 2014 पासून केंद्राचा एक अख्खा आरोग्य कार्यक्रम कागदावर नांदतो, कर्नाटकात त्याची स्नेह क्लिनिके आहेत. तिथल्या नोंदवहीत रक्तातले लोह आहे, वजन आहे. पाळीच्या वेदनेला रकाना कुठे आहे?

आणि मग येतो तो महामंत्र. लग्न करून द्या, एक मूल झाले की आपोआप बरे होईल! हा मंत्र शेजारणीने म्हटला तर आम्ही समजून घेऊ. पण गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली माणसे आजही तो म्हणतात, याची चीड येते. युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 साली या आजारावरची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने काढली, त्यांत स्पष्ट लिहिले आहे की केवळ आजार बरा व्हावा म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊ नये. गरोदरपणी पाळी थांबते म्हणून काही जणींच्या वेदना कमी होतात, एवढेच. रोग जागेवरच असतो. हा सल्ला म्हणजे दुप्पट अन्याय. ज्या आजारात तीनांतल्या एकीपासून निम्म्यांपर्यंत बायकांना दिवस राहायला अडचण येते, त्याच आजारावर मूल हे औषध लिहून द्यायचे! मूल झाले नाही की सासरी तिच्या कपाळी वांझ म्हणून शिक्का मारायचा आणि नवरा दुसरी बघायला मोकळा. चौदा वर्षांच्या पोरीच्या पोटदुखीची एवढी किंमत वसूल करणाऱ्या समाजाला डॉक्टरी पदवी साथ देते, हे आमच्या काळाचे लांच्छन आहे.

1927 साली र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि बाईच्या शरीराबद्दल शास्त्राने बोलायचा गुन्हा केला. त्यासाठी ते कोर्टाच्या पायऱ्या चढले. 1934 साली त्यांचा खटला बाबासाहेब आंबेडकरांनी चालवला. शंभर वर्षे होत आली. मराठी घरात अजून पाळीचा शब्द कुजबुजीत निघतो.

आता मूळ मुद्द्याकडे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन अंडाशयांत मिळून दहा ते वीस लाख स्त्रीबीजे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. आयुष्यभरात पाळीच्या चक्रातून बाहेर पडतात ती फक्त चारशेच्या आसपास, बाकीची आपसूक विरतात. भाताच्या कणगीत दरसाल नवे भात पडते, या कणगीत एकदाच पडलेले असते. एंडोमेट्रिओसिस ही कणगी आतून पोखरतो. गाठीभोवतीची सूज निरोगी बीजे लवकर खर्ची घालते. त्यात आपल्याकडच्या बायकांची कणगी आधीच लवकर रिती होते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पॅनिश आणि भारतीय स्त्रियांची तुलना केली, तेव्हा भारतीयांची अंडाशये सुमारे सहा वर्षे आधी म्हातारी होत असल्याचे दिसले. म्हणजे इथे घाई दुप्पट हवी. आणि इथे दिरंगाई दसपट आहे.

रोगाने पोखरले ते एक, सुरीने नेले ते वेगळे. गाठ काढताना तिची भिंत अंडाशयापासून सोलतात आणि सालीबरोबर निरोगी गरही निघतो. मग रक्त थांबवायला विजेने डागतात, त्यात शेजारची बीजे करपतात. अंडाशयाचा साठा सुचवणारे एएमएच नावाचे एक संप्रेरक आहे. 2012 सालच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले की अशा ऑपरेशननंतर ते सरासरी 38 टक्क्यांनी घसरते. दोन्ही बाजूंच्या गाठी काढलेल्या 126 बायकांच्या एका इटालियन पाहणीत तिघींची अंडाशये ऑपरेशननंतर कायमची बंद पडली. तरण्याताठ्या बायका, आणि रजोनिवृत्ती! ऑपरेशन करूच नये असे आम्ही म्हणत नाही. वेदना असह्य असते, गाठ मोठी असते, कधी कर्करोगाची शंका असते, तेव्हा सुरी लागते. सांभाळून चालवणारे, डागण्याऐवजी टाके घालून रक्त थांबवणारे सर्जन आहेत. आमचा प्रश्न एवढाच आहे: सुरी लावण्याआधी मोजले का? तिला सांगितले का? तिने ऐकून होकार दिला का? की ज्या कागदाची भाषा तिला येत नाही त्यावर तिचा अंगठा घेतला? जोयड्याची बाई कोकणी बोलते, मराठी बोलते, कागद असतो कन्नडात नाहीतर इंग्रजीत.

मोजायला लागते तरी काय? दोन गोष्टी. एक म्हणजे एएमएचसाठी थोडे रक्त, पाळीच्या कुठल्याही दिवशी घेतलेले. दुसरी म्हणजे पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी आतून केलेली सोनोग्राफी, तिच्यात दोन्ही अंडाशयांतले, बीज सांभाळणारे छोटे छोटे फॉलिकल मोजतात. गाठ असली की ही मोजणी चकवते, म्हणून दोन्ही हवे. अविवाहित मुलीची आतून सोनोग्राफी करत नाहीत, तिथे रक्ताची तपासणी जास्त कामाची. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच तात्पुरते कमी दिसते, हे वाचणाऱ्याला ठाऊक हवे. खासगी प्रयोगशाळेत या रक्ततपासणीला हजारापासून अडीच हजारांपर्यंत पडतात. रोजगार हमीची कर्नाटकातली मजुरी 2025-26 साली दिवसाला 370 रुपये होती. चार दिवस माती उपसली की एक तपासणी. आमदारसाहेबांच्या वाढदिवसाचा एक फलक याहून महाग पडतो, आणि जोयड्याच्या नाक्यावर फलकांची वाण कधीच नसते.

पण थांबा. याच तपासणीचे दुकान मांडलेल्यांनाही आम्ही सोडणार नाही. बेळगाव, हुबळी, पुणे, मुंबई, सगळीकडे चकचकीत जाहिराती झळकताहेत: तुमची अंडी मोजून घ्या, उशीर होण्याआधी गोठवा! निरोगी, कसलाही त्रास नसलेल्या पोरीला एएमएचचा आकडा दाखवून घाबरवायचे आणि दोन लाखांचे पॅकेज गळ्यात मारायचे, हा धंदा आहे. 2017 साली अमेरिकेतल्या अभ्यासात तीस ते चव्वेचाळीस वर्षांच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या साडेसातशे स्त्रियांकडे पाहिले. ज्यांचे एएमएच कमी होते त्यांनाही नैसर्गिकरीत्या दिवस राहण्यात फरक पडला नाही. हा आकडा किती बीजे उरली याचा अंदाज देतो, बीजांचा दर्जा सांगत नाही, मूल होईल की नाही हे तर नाहीच नाही. ज्या शहरी मुलीला त्याची गरज नाही तिला तो विकला जातो आणि ज्या जोयड्याच्या मुलीच्या अंडाशयावर उद्या सुरी फिरणार आहे तिला तो मिळत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

गोठवण्याबद्दलही खरे तेच सांगू. दहा-बारा दिवस इंजेक्शने देऊन बीजे वाढवतात, सुईने काढतात आणि उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. 2012 साली अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने या तंत्रावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. स्पेनमध्ये एंडोमेट्रिओसिस असलेल्या आणि गोठवलेली बीजे परत येऊन वापरलेल्या 485 स्त्रियांचा अभ्यास 2020 साली आला, त्यांतल्या 46 टक्क्यांच्या हाती मूल आले. पस्तिशीच्या आतल्यांना यश जास्त मिळाले, आणि त्यांतही ज्यांची बीजे ऑपरेशनच्या आधी काढली त्यांचे पारडे अजून जड. निम्म्याहून कमी, म्हणजे हमी नव्हेच. पण दोन्ही अंडाशयांवर गाठी असलेल्या, दुसऱ्यांदा टेबलावर जाणाऱ्या पंचविशीच्या बाईला हा पर्याय आहे हे न सांगणे म्हणजे तिच्या वतीने परस्पर निर्णय घेणे. 2021 चा सहायक प्रजनन कायदा एकवीस वर्षांवरच्या स्त्रीला या सेवेसाठी स्वतः जायची मुभा देतो. कायद्याने दार उघडले, पैशाने कुलूप घातले. दीड लाख रुपये म्हणजे 370 च्या मजुरीने चारशेहून जास्त दिवस. त्या वर्षीच्या हमीप्रमाणे वर्षाला शंभर दिवस काम. चार वर्षे न खाता, न पिता.

हे चंद्रावरचे तंत्र आहे अशी बतावणी कुणी करू नये. 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. केईएम हे पालिकेचे रुग्णालय. गिरणी कामगारांच्या वस्तीतले, करदात्यांच्या पैशावरचे. शेजारच्याच प्रजनन संशोधन संस्थेची त्यांना साथ होती आणि तीच संस्था आज देशभरातल्या एंडोमेट्रिओसिसच्या रुग्णांचा अभ्यास करते आहे. सार्वजनिक दवाखान्याने 1986 साली जे करून दाखवले ते पुढे खासगी दुकानांच्या हवाली का केले, याचे उत्तर बंगळूर, मुंबई आणि दिल्ली, तिघांनी द्यायचे आहे. गोव्याने 2023 साली बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात मोफत आयव्हीएफ सुरू केले. अभिनंदन! पण त्याच बांबोळीत 2018 पासून बिगर गोमंतकीय रुग्णांना शुल्क आहे. रामनगरहून अनमोडचा घाट उतरला की गोवा. तिथली भाषा तीच, देव तेच, सोयरिकी तिथल्याच. केवळ आधार कार्डावरच्या राज्याच्या नावाने जोयड्याची बाई परकी ठरते. कर्नाटक सरकारने गोव्याशी पाण्याच्या एका-एका थेंबासाठी भांडायला वकिलांची फौज ठेवली आहे. आपल्या बायकांच्या उपचारांचा खर्च गोव्याला भरून देण्याचा एक साधा करार त्याला सुचत नाही?

आणि जिल्ह्याचे काय? उत्तर कन्नडला मोठे रुग्णालय द्या म्हणून लोक गळा फोडून ओरडताहेत. 20 जुलै 2022 ला होन्नावरहून निघालेली रुग्णवाहिका शिरूरच्या टोलनाक्यावर घसरून उलटली आणि चार माणसे गेली, तेव्हा सारा देश हळहळला. हळहळ संपली. कारवारला 2016 पासून मेडिकल कॉलेज आहे, पण जोयड्याहून कारवारला जायचे तर अणशीचा घाट, आणि पावसाळ्यात दरड आली की तोही बंद. मग हुबळी-धारवाड नाहीतर बेळगाव. दुखण्याचा दिवस, बसचा दिवस आणि डॉक्टरचा वार एकाच तारखेला आले तर नशीब.

2025 च्या ऑक्टोबरात याच राज्याच्या मंत्रिमंडळाने नोकरदार स्त्रियांना वर्षाला बारा दिवसांची भरपगारी पाळीची रजा मंजूर केली. टाळ्या पडल्या, आम्हीही वाजवल्या. पण भाताच्या लावणीला, काजूच्या बागेत, दुसऱ्याच्या घरी धुणीभांड्याला जाणाऱ्या बाईला रजा कोण देणार? उंटावरून शेळ्या हाकणे यालाच म्हणतात.

उपचार दूर असले की काय होते हे बीडने दाखवले आहे. ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या काढल्याच्या तक्रारींवरून 2019 साली 82,309 जणींची पाहणी झाली, त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. दूर कशाला, आपल्याच राज्यात हावेरी जिल्ह्यातल्या राणेबेन्नूरला लंबाणी बायका याच दुखण्यासाठी रस्त्यावर उतरल्या. अनावश्यक पिशवीकाढणीला आळा घाला म्हणून एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना मुदत घालून द्यावी लागली. पोट दुखते? काढा पिशवी. गाठ आहे? काढा अंडाशय. एंडोमेट्रिओसिसला तर पिशवी काढणे हे खात्रीचे औषधही नाही, कारण रोग पिशवीच्या बाहेर असतो! पण पॅकेज पिशवीचे आहे ना.

म्हणून आमच्या मागण्या, आणि त्या विनंत्या नाहीत. विम्याच्या पैशाने अंडाशयावर सुरी चालणार असेल तर त्याआधी एएमएच आणि सोनोग्राफीची मोजणी त्याच पैशाने झालीच पाहिजे आणि ती कागदावर नसेल तर दवाखान्याचे बिल अडवावे. होकाराचा कागद मराठी-कोकणीत असावा आणि तो नर्सने वाचून दाखवावा. दोन्ही बाजूंना गाठी असलेल्या किंवा दुसऱ्या ऑपरेशनला निघालेल्या स्त्रीला, लग्न झालेले असो वा नसो, बीजे गोठवायचा खर्च सरकारने उचलावा. हजार-बाराशेंतल्या सगळ्याच काही या वाटेने जाणार नाहीत, थोड्याच जातील. तिजोरी बुडणार नाही. जोयडा, रामनगर, कुंभारवाडा या पट्ट्यात महिन्यातून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ सोनोग्राफीसह यावा आणि त्याला पाळीच्या दुखण्याबद्दल विचारायला लाज वाटू नये. स्नेह क्लिनिकच्या नोंदवहीत वेदनेचा रकाना आजच्या आज छापावा. त्याला तर शाईखेरीज काही लागत नाही.

कारवारच्या जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांना आमचा एकच जाहीर प्रश्न आहे. गेल्या वर्षी जिल्ह्यात विम्याच्या पैशाने अंडाशयाच्या किती गाठी काढल्या आणि त्यांतल्या किती जणींच्या केसपेपरवर ऑपरेशनच्या आधीचा एएमएचचा आकडा आहे? उत्तर पाठवा, जसेच्या तसे छापू. आकडा नसेल तर नाही म्हणून सही-शिक्क्यानिशी लिहून द्या; तेही छापू, पहिल्या पानावर.